एकोणीस नंबरची वीज

मुबांगा कासोंदे माणसावर विश्वास ठेवायचा नाही. मशिनीवर ठेवायचा, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हातानं लिहिलेल्या कागदावर. चिपाटाहून लुंडाझीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या मिशनच्या इस्पितळात त्यानं बावीस वर्षं काढली. त्यातली बारा त्या बिनखिडकीच्या खोलीत गेली. खोलीत सर्व्हर होता आणि कासोंदे होता, तिसऱ्याला जागा नव्हती आणि परवानगी त्याहून नव्हती. जेवायला बाहेर पडला की दाराच्या फटीत गवताची काडी खोचून जायचा. परत आला की आधी काडी बघायचा, मग कुलूप. काडी वाऱ्यानं पडली तरी दिवसभर सगळ्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायचा.

सर्व्हर म्हणजे राजधानीतल्या, लुसाकातल्या कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेलं धूड. दुसऱ्या कुणाच्या हातात ते वर्षभरही टिकलं नसतं. कासोंदेनं त्याला जित्या म्हशीसारखं सांभाळलं. दर सोमवारी ब्रशनं धूळ काढायची. पंखा मेला तर भंगारातला पंखा आणून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळायचा. आत दोन डिस्का होत्या, एकीवर लिहिलं जाई तेच दुसरीवरही उमटे, म्हणजे एक मेली तरी पेशंटांचे कागद जगावेत. त्या डिस्कांना तो कान लावून ऐकायचा. मी औषधाच्या खिडकीत बसायचो, तिथनं दार उघडं असलं की दिसायचं: पन्नाशीचा बाप्या, डोळे मिटून, लोखंडी पेटीला गाल टेकून उभा.

सर्व्हरच्या खाली स्विच. चोवीस भोकांची चपटी पेटी. एकेका भोकातनं एकेक तार निघून भिंतीभिंतीनं कुठल्या तरी वॉर्डात जायची, आणि त्याच तारेतनं बोलणं जायचं आणि वीजही जायची. म्हणून वॉर्डातले टेलिफोन आणि फाटकावरचे कॅमेरे वेगळी वीज न घेता चालायचे. ज्या वर्षी करिबा धरणाचं पाणी तळाला गेलं आणि सरकारी वीज दिवसाला तीन-चार तासांवर आली, त्या वर्षी अख्ख्या इस्पितळात दिवसभर जिवंत असायची ती ही पेटीच. छतावर सोलर, खाली बॅटऱ्या, आणि त्यांच्यावर कासोंदे.

कुठल्या भोकातनं किती वॅट जातात हे सर्व्हर लिहून ठेवायचा. कासोंदे ते पडद्यावर बघायचा, चोवीस रेघा, आणि शेजारी भिंतीवर त्याची यादी. एक नंबर फाटक, दोन नंबर दवाखाना, असं करत चोवीस नंबर ऑपरेशनची खोली. सुवाच्य अक्षर, लाल शाई. "ही यादी म्हंजे माझं बायबल," म्हणायचा, आणि सिस्टर जवळपास असली तर आवाज खाली घ्यायचा.

कासोंदे बेंबा जमातीचा, लांब उत्तरेला लुविंगूकडचा. आमचा मुलूख न्गोनींचा. आता बेंबा आणि न्गोनी म्हणजे थट्टेचे भाऊबंद. कधी काळी लढले, मग दमले, तेव्हापासनं एकमेकांना शिव्या देतात आणि राग मानत नाहीत. राग मानला तर तोच येडा ठरतो. न्गोनी बेंबाला माकडखाऊ म्हणणार, बेंबा न्गोनीला उंदीरखाऊ. ताटातला मासा उचलला तरी बोलायची सोय नाही.

कासोंदेची अशी भाऊबंद म्हणजे आमाय जेरे. बाळंतपणाला आलेल्या बाया दिवस भरेपर्यंत ज्या शेडमध्ये राहतात, त्या शेडची ती मुख्य. थोराड बाई, आवाज अंगणापलीकडं जाणारा. तिचा नवरा वारला तेव्हा कासोंदे खड्ड्याच्या काठावर उभा राहून ओरडला होता, "ऊठ रं उंदीरखाऊ, कामाच्या वक्ताला झोपतोस व्हय!" रडणारी माणसं हसली. आमाय जेरेही रडता रडता हसली आणि त्याच्या पाठीत मातीचं ढेकूळ घातलं. कासोंदेचा जगात कुणावर भरवसा असेल तर या बाईवर, आणि तोही असा, की तिचं एक अक्षर खरं धरायचं नाही.

तर त्या वर्षी सप्टेंबरात ऑपरेशनच्या खोलीतला टेलिफोन मरू लागला. सकाळी दहाच्या सुमाराला जायचा, दोनला आपोआप यायचा. सोमवारी एका बाईला रक्त लागलं आणि फोन मेलेला. नर्सला अंगण ओलांडून पळत जावं लागलं. बाई वाचली, पण सिस्टर क्लोटिल्डानं, म्हणजे आमच्या कारभारणीनं, कासोंदेला बोलावलं.

"बा कासोंदे," ती मानाचा 'बा' लावून म्हणाली, "हे तिसऱ्यांदा झालं."

"सिस्टर, पेटीला वीज देणारे दोन ठोकळे असतात, त्यातला एक जळलाय. सात महिने झाले मागून."

"मागणी लुसाकाला गेली आहे. आणि लुसाकाचं उत्तरही आलं आहे. शुक्रवारी त्यांचा इंजिनिअर येतो. त्यांचं म्हणणं, सगळे कागद तिकडे न्यावेत, ही खोली बंद करावी. शुक्रवारी त्याच्यासमोर फोन मेला तर मी काही बोलू शकणार नाही. तुम्हाला गोदामात जागा देऊ."

गोदाम म्हणजे मक्याच्या पिठाच्या गोण्या आणि मच्छरदाण्या. कासोंदे खोलीत परतला, काडी बघितली, कुलूप उघडलं आणि पडद्यासमोर बसला.

त्याला हिशोब पाठ होता. एक ठोकळा जळाल्यापासून पेटी सगळ्यांना मिळून एकशे चाळीस वॅट देऊ शकत होती. सगळे फोन, सगळे कॅमेरे धरून एकशे बत्तीस जायचे. म्हणजे आठांची जागा. कुणी त्यावर दहा-बारा ओढले की पेटी शेवटच्या भोकाचा गळा दाबते. शेवटचं भोक चोवीस, ऑपरेशनची खोली.

आणि रेघांत दिसलं: एकोणीस नंबर. दोन वर्षं ती रेघ मेलेल्या सापासारखी आडवी पडलेली. आता रोज दहाला उठायची, बारा वॅटवर जायची, दोनला झोपायची.

कासोंदेनं यादीवर बोट ठेवलं. एकोणीस: एक्स-रे खोली. वीस: एक्स-रे खोली. तिथं एक नवीन मशीन येणार होतं, ते आलंच नाही, तारा मात्र ओढलेल्या.

एक्स-रे खोलीत बसायचा सिताली. लोझी माणूस, पश्चिमेकडचा, वर्षभरापूर्वी आलेला. बोलायचा कमी, दार लावून बसायचा, जेवण एकटा जेवायचा. बेंबा आणि लोझींत थट्टेचं नातं नाही. त्यामुळं दोघं एकमेकांशी नीट, अदबीनं बोलायचे, आणि ती अदबच कासोंदेला खुपायची.

"दार लावून काय करतो रं हा?" त्यानं मला विचारलं.

"एक्स-रे काढतो. दार उघडं ठेवून काढत नाहीत."

"पेशंट नसल्यावं बी?"

रोज दहा ते दोन सितालीचं दार बंद असायचं हे खरं होतं. आमची खिडकीही त्या वेळेला बंद असायची, पण ते कासोंदेच्या हिशोबात नव्हतं.

तार धरून भिंतीभिंतीनं जाऊन बघितलं असतं तर अर्ध्या दिवसात निकाल लागला असता. पण कासोंदेला चोर सावध व्हायला नको होता. त्यानं मंगळवारी सव्वादहाला पडद्यावरनंच एकोणीस नंबर बंद केला आणि बाहेर बाकावर न्शिमाचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं ताट घेऊन बसला, एक्स-रेच्या दारावर डोळा ठेवून. ज्याची वीज गेली तो चुळबूळ करणार, बाहेर येणार, असा त्याचा डाव.

सितालीचं दार हललं नाही. आली ती आमाय जेरे, कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड खोचत.

"आरं ए माकडखाऊ! माझी वीज का तोडलीस?"

"तुझी वीज?" कासोंदेनं घास मळत विचारलं. "तुमची जात आजून उंदराच्या बिळात उजेडाला गवत पेटवती."

"खरं बोलते. मीच घेते ती. तुज्या तारंला डबी लावून माज्या बायांचे मोबाइल चार्ज करते. चार-चार लावते एका टायमाला. बांध मला. ने सिस्टरकडं."

"बांधतो की! पण आधी हात धू. उंदराचा वास मारतोय, दोर नासंल माझा."

बाकावरचे सगळे खिदळले. मीही. आमाय जेरेनं त्याच्या ताटातला मोठा मासा उचलला, तोंडात टाकला आणि चार पावलं जाऊन वळली.

"आरं खरंच सांगते मुडद्या."

"जा जा, बिळं बुजीव जा!"

ती हात उडवून गेली. कासोंदेच्या डोक्यात काय आलं? वीज तोडल्याची बातमी शेडपर्यंत कुणी नेली? आणि सिताली बाहेर का नाही आला? निर्दोष माणूस सहज तरी बाहेर येतो. जो येत नाही तो कळून-सवरून येत नाही. म्हणजे चोर पक्का आहे. झालं, सितालीचं खोलीत बसणं हाच पुरावा ठरला.

बुधवारी तर कहर. एकोणीस बंदच होता, आणि दहाला वीस नंबरची रेघ उठली. बारा वॅट. दहा मिनिटांत चोवीसचा फोन मेला.

"बघितलंस?" कासोंदे मला हाताला धरून खोलीत घेऊन गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी आत पाय ठेवला. "एक भोक बुजवलं तर श्येजारच्या भोकातनं निघाला. दोन्ही भोकं कुणाच्या खोलीत? वाच. यादी वाच."

मी वाचली. एक्स-रे, एक्स-रे.

"जाऊन दार ठोठाव की मग."

"म्या ठोठावू? म्हंजे डबी लपवंल आन् माझ्यावंच उलटंल. न्हाय. कागद करायचा."

आणि त्यानं कागद केला. लाल शाईनंच. 'एक्स-रे विभागाचे श्री. सिताली हे इस्पितळाची वीज चोरतात, त्यामुळे ऑपरेशनच्या खोलीचा फोन बंद पडतो व माणसाच्या जिवाला धोका होतो.' तारीख, वेळ, वॅट, सगळं. माणसाच्या जिवाला धोका, हे वाक्य मी वगळ म्हणालो. तो म्हणाला, "तू त्याच्या बाजूचा हायेस काय?" वाक्य तसंच राहिलं. कासोंदेच्या नजरेत एकदा आलं की आपल्यालाच आपला संशय येऊ लागतो.

गुरुवारी सकाळी सिस्टर, कासोंदे आणि दोन नर्स एक्स-रे खोलीपुढं उभे. सितालीनं दार उघडलं. पत्र वाचलं. त्यानं दोन्ही तळवे जुळवून हलके दोनदा वाजवले, लोझींकडं वडीलधाऱ्यांना मान देताना करतात तसे, आणि बाजूला झाला.

"बघा."

आत मशीन, एक खाट, एक खुर्ची, खुर्चीवर उघडं पुस्तक. परीक्षेचं. भिंतीत तारांची दोन भोकं होती खरी, पण रंगाऱ्यानं त्यांच्यावरनंच रंग फासला होता. रंग कुठं फुटलेला नाही, नखानं खरवडल्याची खूण नाही. कासोंदेनं पेन्सिलीचं टोक घालून बघितलं. टोक मोडलं.

"ह्या खोलीत अजून शोधायचं आहे काही?" सितालीनं विचारलं. "माझी पिशवी?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

"बा कासोंदे, तुम्ही सांगा. पिशवी?"

कासोंदे रंगाकडं बघत होता. तिथनंही त्याचं डोकं सरळ वाटेला आलं नाही, बरं का. बाहेर पडल्यावर मला म्हणाला, "रंग ताजा असंल. रातोरात मारला असंल."

दुपारी आमाय जेरे सर्व्हरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्याला फडकं बांधलेलं, हात पोटाशी धरलेले. मीही तिथंच होतो, गोळ्यांच्या यादीचा कागद घेऊन.

"बा कासोंदे," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलायचं हाय."

माकड नाही, मुडद्या नाही. बा कासोंदे, आणि तुमच्याशी. कासोंदे खुर्चीतनं उठला. मी इतक्या वर्षांत त्याला घाबरलेला बघितला तो तेवढाच.

"कुणी मेलं काय?"

"न्हाय. मी मंगळवारी तुमाला खरं सांगितलं हुतं." तिनं चितेंग्याच्या गाठीतनं एक काळी डबी काढली आणि टेबलावर ठेवली. एका बाजूला तारेचं भोक, दुसऱ्या बाजूला मोबाइलची पिन. "शेडवरचा जुना कॅमेरा काढला तवा ही माळ्यावं राह्यली हुती. भिंतीत दोन भोकं हायती. एक बंद पडलं, म्या दुसऱ्याला लावली. दहाला लावते, दोनला काढते. सकाळी नर्स सांगत हुती, चोर दहाला येतो आन् दोनला जातो. ती तर माझी येळ."

"पर तुझं शेड अकरा-बारा नंबरला हाय. यादीत लिवलंय."

"मला नंबर ठावं न्हायती. मला हे बी ठावं नव्हतं, की माझ्याकडं घेतलं की तिकडं कुणाचं तरी मरतं. बायांचे नवरे चाळीस-चाळीस किलोमीटरवं. फोन लागला न्हाय की त्यास्नी वाटतं बायकू मेली, मग येत्यात सायकल मारत, नांगर टाकून. म्हणून घेतली. सितालीला बोल लागला तो माझा हाय. मी सिस्टरला सांगते."

"थांब," कासोंदे म्हणाला. "आत्ता नगं. मी बघतो."

ती गेली आणि तो पहिल्यांदा तारेच्या मागं निघाला. भिंतीभिंतीनं, छताच्या फटीतनं, गुडघ्यावर. एकोणीस आणि वीस शेडमध्ये निघाल्या. अकरा आणि बारा एक्स-रेच्या रंगाखाली गेल्या. दोन वर्षांपूर्वी तो भावाच्या मातीला लुविंगूला गेला होता. त्या आठवड्यात वाळवी लागली म्हणून ठेकेदारानं तारांची टोकं बसवलेली फळी उतरवून परत लावली, आणि लावताना या दोन जोड्या उलट्यापालट्या केल्या. चारही तारा तेव्हा रिकाम्या, म्हणून कुणाला कळलं नाही. परत आल्यावर कासोंदेनं फळीला हात लावून बघितलं होतं, पक्की आहे का एवढंच. यादी ताडून बघायची गरज त्याला वाटली नव्हती. यादी त्याची होती ना.

शुक्रवारी इंजिनिअर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कॉम्प्युटर. कासोंदेनं सकाळीच वीस नंबर बंद केला होता. दहा वाजले, सव्वादहा झाले, चोवीसचा फोन जिवंत. इंजिनिअरनं सर्व्हरचं झाकण उघडलं, आत बघून शीळ घातली.

"हे यंत्र अजून चालतंय? आमच्याकडे याच्या वयाचं एकही उरलं नाही." मग पडद्याकडं वळला. "आणि रेघा रोजच्या रोज? तीन वर्षांच्या? सिस्टर, हे बंद करा असं मी लिहिणार होतो. आता कठीण आहे." भिंतीकडं बोट केलं. "यादीसुद्धा काय सुंदर."

सिस्टर खुलली. "मग ठरलं. राहिला तो सितालीचा प्रश्न. खोलीत काही सापडलं नाही, पण यादीत नंबर त्याचेच आहेत, तेव्हा ते पत्र मी पुढं पाठवतेच आहे."

सिताली दारात होता. त्याला त्यासाठीच बोलावलं होतं. त्याच्या मागं आमाय जेरे.

गप्प बसला असता तर कासोंदेची खोली तिथंच वाचली होती. यादी भिंतीवर, फोन जिवंत, इंजिनिअर खूश. तो का बोलला हे मला अजून ठाऊक नाही. भलेपणा म्हणा हवं तर. मला वाटतं, आमाय जेरे तोंड उघडणार होती हे त्यानं बघितलं.

"यादी खोटी हाय," तो म्हणाला. "पत्र बी. एकोणीस-वीस एक्स-रेला जात न्हायती. शेडला जात्यात. म्या तार धरून बघितलं, पण काल. आधी बघाय पायजे हुतं."

"वीज मी घेत हुते," आमाय जेरे म्हणाली.

इंजिनिअरनं कॉम्प्युटर टेबलावर ठेवला.

"फोन मरतोय हे तुम्हाला किती दिवस माहीत होतं?"

"दोन आठवडं."

"पेटी कुणाला आधी तोडायचं हे आपण ठरवू शकतो, हे माहीत आहे ना? ऑपरेशनला पहिला मान, शेडला शेवटचा. दोन मिनिटांचं काम आहे. कुणी कितीही ओढलं तरी तो फोन मेला नसता."

"ठावं हाय."

"मग केलं का नाही?"

कासोंदेनं घसा खाकरला. "केलं असतं तर फोन मेला नसता. आन् फोन मेला नसता तर चोर कसा घावला असता?"

इंजिनिअर हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. सिस्टरनं डोळे मिटून घेतले. कासोंदेनं आपणहून खुर्ची ओढली आणि सगळ्यांदेखत ते दोन मिनिटांचं काम केलं. चोवीस नंबरला पहिला मान. एकोणीस नंबर उघडा, पण बारा वॅटांच्या वर नाही, आणि तंगी आली की सगळ्यांत आधी तोच तुटणार.

"सर्व्हर राहू दे," इंजिनिअर शेवटी म्हणाला. "तो खरं बोलतोय. जळलेल्या ठोकळ्याच्या जागी नवा मी पाठवतो. पण यादी ह्यांच्या हातात नको."

"मग कुणाच्या?" सिस्टरनं विचारलं.

इंजिनिअरनं खोलीभर बघितलं. पुस्तक काखेत मारून उभा असलेला एकटा सितालीच होता.

त्याच दुपारी भिंतीवरची लाल यादी उतरली. सितालीनं कोरा कागद घेतला, शिडी मागवली आणि चोवीसच्या चोवीस भोकं नव्यानं ताडायला निघाला. कासोंदे आत पेटीपाशी बसून एकेक तार काढायचा आणि नंबर ओरडायचा.

"सात!"

शिडीवरनं उत्तर यायचं नाही.

"आरं सात म्हणतोय!"

"ऐकलं, बा कासोंदे," सिताली अदबीनं म्हणायचा. "तार परत लावा, पुन्हा काढा, आणि पुन्हा सांगा."

कासोंदे तार परत लावायचा, पुन्हा काढायचा.

"सात."

तेव्हा कुठं सिताली लिहायचा. निळ्या शाईनं. चोवीसच्या चोवीस नंबरांना त्यानं हे असंच केलं, आणि कासोंदेनं प्रत्येक वेळेला दोनदा सांगितलं.